डिस्क ब्रेक बसवायचाय? आधी चिमटा बघा!

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जण सायकलवर शाळेत जातात? करा बघू हात वर! आता खरं सांगा, गेल्या महिन्याभरात आपल्या सायकलचे ब्रेकचे रबर वाकून किती जणांनी पाहिलेत? बघा, हात लगेच खाली आले! लाजू नका. माझाही हात खालीच होता. पण गेल्या पावसाळ्यात जालन्याला बहिणीकडे गेलो आणि तिथं आठ दिवस ब्रेक याच विषयावर काढावे लागले.

त्याचं असं झालं, माझा भाचा आहे दहावीत. त्याच्या पुण्याच्या चुलतभावानं आपली जुनी रोड बाईक त्याला देऊन टाकली. रोड बाईक म्हणजे शर्यतीच्या घाटणीची सायकल. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, दोन बोटं रुंदसुद्धा नाहीत असे टायर, आणि वजनाला इतकी हलकी की एका हातानं उचलावी. पठ्ठ्या एकदम हवेतच! एका रविवारी हे महाशय अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला सायकलवर गेले. येताना पावसानं गाठलं. एका उतारावर पुढं कापसाच्या बियाण्याची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉली हळू झाली. यानं दोन्ही ब्रेक आवळले. आणि सायकल? छे! काही झालंच नाही अशा थाटात पुढं निघाली. शेवटी यानं हँडल डावीकडं वळवलं आणि काळ्या मातीच्या चिखलात लोळण घेतली. ढोपर फुटलं, शर्ट गेला, बाकी वाचला.

घरी आल्यावर आईची बोलणी खाऊन झाली, तसा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मामा, ठरलं. मी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवणार. खाऊचे पैसे साठवलेत. कधी नेता दुकानात?”

मलाही वाटलं, पोराचं बरोबर आहे. मोटारसायकलला असतो तसला डिस्क ब्रेक, बोटानं दाबला की गाडी जागच्या जागी! मग काय, दुसऱ्या दिवशी आम्ही सायकल घेऊन मिस्त्रीचाचांकडं हजर. चाचांचं दुकान लहानसं, पण हात चाळीस वर्षांचा मुरलेला. त्यांनी भाच्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग सायकल उचलून घोड्यावर चढवली, पुढचं चाक काढलं, आणि चिमटा दाखवून म्हणाले, “बेटा, बसवतो की. पण डिस्क पकडणारा तो कॅलिपर कुठं लावायचा ते दाखव बरं.”

भाच्यानं चिमटा वरून खाली पाहिला. दोन सरळ नळ्या, खाली चाकाचा आस बसायच्या दोन खाचा. बाकी काही नाही. ना कान, ना भोक, ना आटे.

“वेल्डिंग करून एक पट्टी लावू ना,” भाचा म्हणाला.

चाचांनी पान्हा खाली ठेवला. “मी नाही लावणार. आणि दुसऱ्या कुणी लावतो म्हटलं तरी तू लावून घेऊ नकोस.”

आता चाचा इतके का अडून बसले? मलाही प्रश्न पडला. त्याचं उत्तर शोधायला तुम्हाला एक फूटपट्टी लागेल. आणा बघू!

प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर ठेवा, निम्मी बाहेर. टेबलावरचा भाग हातानं घट्ट दाबून धरा. आता बाहेरचा भाग दुसऱ्या हाताच्या बोटानं खाली दाबा. आधी टेबलाच्या कडेला लागून दाबा. हलते का? फारशी नाही. आता अगदी टोकाला तेवढ्याच जोरानं दाबा. वाकली ना? सायकलचा चिमटाही असाच वर हँडलच्या नळीत पकडलेला असतो. आपल्या नेहमीच्या सायकलचा ब्रेक रिमला पकडतो, आणि तो बसलेला असतो चिमट्याच्या अगदी वरच्या भागी, जिथं चिमटा सगळ्यात दणकट असतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर मात्र खाली, चाकाच्या आसाजवळ, चिमट्याच्या डाव्या पायाला असतो. म्हणजे सगळा झटका फूटपट्टीच्या टोकाला! जुन्या रोड बाईकचा चिमटा तिथं मुद्दाम बारीक केलेला असतो, वजन वाचावं म्हणून. त्यावर वेल्डिंग केलं, तर तापलेल्या जागी धातू आणखी कमजोर होतो. आणि चिमट्याचा पाय उतारावर मोडला तर... ते चित्र मी काढत नाही, तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

हा झटका असतो तरी केवढा? थोडं गणित करू. घाबरू नका, सातवीचंच आहे. तुम्ही आणि सायकल मिळून ६० किलो धरू. चांगलं कडक थांबायचं, तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये वजनाच्या निम्मा, म्हणजे ३० किलोंएवढा जोर मागं ओढणारा हवा. रोड बाईकच्या चाकाची त्रिज्या टायर धरून साधारण ३४ सेंटीमीटर. रिमचा ब्रेक चाकाला जवळजवळ काठावरच पकडतो, त्यामुळं त्याला ३०च्या जागी ३३-३४ किलोंचं घर्षण पुरतं. डिस्क मात्र लहान. रोड बाईकची डिस्क १४० किंवा १६० मिलिमीटर व्यासाची असते. तिला पॅड पकडतात ते आसापासून सात सेंटीमीटरवर. ३४ भागिले ७, जवळजवळ पाच. म्हणजे तेच चाक थांबवायला डिस्कवर ३० गुणिले पाच, १४५ किलोंच्या आसपास घर्षण लागतं! दरवाजा कडीपाशी ढकलायचा की बिजागरीपाशी, तसाच हा प्रकार.

आणि हा जोर एकट्या चिमट्यावर येत नाही. डिस्क हबला जोडलेली असते. हब थांबतो, पण रिम आणि टायर पुढं पळायला बघतात. त्यांना थांबवणार कोण? तारा! भाच्याच्या पुढच्या चाकातल्या तारा हबपासून रिमपर्यंत सूर्यकिरणांसारख्या सरळ गेलेल्या होत्या. दिसायला झकास, पण असं चाक हब आणि रिम यांच्यातला पीळ सोसू शकत नाही. डिस्कच्या चाकात तारा एकमेकींना ओलांडून तिरक्या जाव्या लागतात. शिवाय ब्रेक दाबला की चाकाचा आस चिमट्याच्या खाचेतून बाहेर सरकायला बघतो. म्हणून आताच्या डिस्कवाल्या रोड बाईकला खाच नसतेच, आरपार भोकातून जाणारा जाड आस असतो, बहुतेक १२ मिलिमीटरचा.

म्हणजे बघा, चिमटा नवा, चाकं नवी, मागच्या ब्रेकसाठी फ्रेमही नवी, आणि रोड बाईकला ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत असतात म्हणून त्या मुठीही नव्या. मग जुनं राहिलं काय? सीट! भाचा हिशेब करता करता गप्प झाला.

पण दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, एवढा त्रास, एवढा जोर, मग लोक हा ब्रेक लावतात तरी कशाला? आणि आपल्या बोटात १४५ किलो आले कुठून? तर त्याला कारण एक फ्रेंच मुलगा. ब्लेझ पॅस्कल. जन्म १६२३ चा. वडील करवसुलीच्या कामावर होते, त्यांना आकडेमोडीचा कंटाळा येतो म्हणून यानं १६४२ पासून बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा तो विशीतही नव्हता! त्यानंच पुढं दाखवलं की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो दाब सगळीकडं सारखाच पोचतो. त्याचं यावरचं पुस्तक तो गेल्यानंतर, १६६३ मध्ये छापलं गेलं.

यात गंमत काय? गंमत अशी की दाब सारखा, पण जागा मोठी असेल तर जोर मोठा. लिव्हरजवळचा दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळचा २० मिलिमीटरचा धरा. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, जोर चौपट. त्यात लिव्हरनं आधीच वाढवलेला जोर मिळवा. अर्थात फुकट काही मिळत नाही. जोर वाढतो तसं दट्ट्याचं सरकणं कमी होतं. पण पॅड आणि डिस्क यांच्यात फट असते एका मिलिमीटरहूनही कमी, त्यामुळं तेवढं सरकणं पुरतं. जालन्यात हे तत्त्व तुम्हाला रोज दिसतं. मोसंबीच्या बागेत नांगर उचलणारा ट्रॅक्टर, मुरूम ओतताना उलटणारी ट्रॉली, एमआयडीसीत सळया बनवायच्या कारखान्यांसाठी भंगार दाबून गठ्ठे करणारी यंत्रं, सगळीकडं पॅस्कलच राबतोय.

घरी करून बघायचंय? औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्याकोऱ्या सिरिंज आणा, एक २ मिलिलिटरची, एक १० ची. (वापरलेली सिरिंज अजिबात उचलायची नाही, कळलं?) दोघींना घट्ट बसेल अशी वीतभर प्लॅस्टिकची नळी घ्या आणि सगळं पाण्याखाली भरून जोडा, म्हणजे हवा राहणार नाही. आता लहान सिरिंज तुम्ही दाबा, मोठी मोठ्या भावाला दाबायला द्या. तुम्हीच जिंकाल! मग नळीत मुद्दाम एक हवेचा बुडबुडा सोडा आणि परत दाबा. काय झालं? स्पंजासारखं लागलं ना? पाणी दबत नाही, हवा दबते. तुमचा जोर पलीकडं पोचायच्या आधी बुडबुडाच खाऊन टाकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मोटारींमध्ये हे तेल १९२१ पासून चारही चाकांपर्यंत पोचलं, अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग मोटारीत. डिस्कची कल्पना त्याहून जुनी, इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण त्याचे पॅड तांब्याचे, त्यामुळं ब्रेक दाबला की भयंकर किंचाळायचे! शर्यतीच्या सायकलवाल्यांनी मात्र बरीच वर्षं नाकं मुरडली. जड होते, दिसायला बरी नाही, अशी कारणं. २०१३ च्या डिसेंबरात तर एका बड्या कंपनीला रोड बाईकचे आपले हायड्रॉलिक ब्रेक परत मागवावे लागले, कारण कडाक्याच्या थंडीत आतल्या सीलांनी दगा दिला. २०१६ मध्ये पॅरिस-रुबे शर्यतीत एका स्वाराचा पाय कापला, तो म्हणाला डिस्कनंच कापला. खरं-खोटं सिद्ध झालं नाही, पण जागतिक सायकल संघटनेनं चाचणी थांबवली. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली, आणि २०१७ च्या टूर द फ्रान्समध्ये जर्मनीच्या मार्सेल किटेलनं डिस्कवाल्या सायकलवर दुसरा टप्पा जिंकला. जुलै २०१८ पासून रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्कला कायमची परवानगी मिळाली.

या ब्रेकचं खरं कौतुक आपल्याकडच्या पावसात. रिम रस्त्याच्या जवळ, पाण्यात आणि चिखलात फिरते. ओल्या रिमवर रबराचे पहिले काही वेढे पाणी पुसण्यातच जातात. भाच्याचं तेच झालं होतं. त्यात जालन्याची काळी माती! ती चिकटली की ब्रेक आणि चिमटा यांच्यामध्ये लाडूच बसतो. डिस्क वर, आसाजवळ असते, तिथं चिखल कमी पोचतो, आणि तिची भोकं पाणी झटकतात. लांब घाटात आणखी एक फायदा. भोकरदन-सिल्लोडवरून अजिंठ्याला गेलात, तर अजिंठा गावापासून फर्दापूरपर्यंत सलग उतार आहे. अशा ठिकाणी ब्रेक धरून ठेवला की रिम तापते, आणि तिला लागून असते ट्यूब. डिस्कची धग ट्यूबपासून लांब राहते. (मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. उतरणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे!)

तर भाचा हिरमुसला होता. चाचांना दया आली असावी. ते म्हणाले, “परवा एका गिऱ्हाइकाच्या सायकलला हेच ब्रेक बसवायचेत. तिला कान आहेत. ये बघायला. हात मात्र धुऊन ये.”

हात धुऊन का, ते तिथं गेल्यावर समजलं. डिस्कला तेलकट बोट लागलेलं चालत नाही! पॅडवर तेलाचा एक थेंब पडला तरी तो पॅड बाद. म्हणून चाचांनी पॅड आधीच काढून लांब कागदात गुंडाळून ठेवले. डिस्क हबवर बसवली, तिच्यावरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं आहे ना ते पाहून. सहा स्क्रू होते. चाचा एक घट्ट केला की शेजारचा सोडून समोरचा घ्यायचे, थोडा थोडा, फिरून फिरून. एकाच बाजूनं आवळत गेलं तर डिस्क लचकते, आणि ती नवी असताना जाडीला असते जेमतेम १.८ मिलिमीटर. मग कॅलिपर चिमट्याच्या कानांवर सैलच अडकवला. तेलाची नळी मापानं काटकोनात कापली, तिच्या टोकाला छोटी पितळी कडी चढवून लिव्हरला जोडली.

आणि मग आलं सगळ्यात नाजूक काम, हवा काढणं. पॅडच्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा अडकवला. लिव्हरवर, म्हणजे सगळ्यात उंच जागी, तेलाचं नरसाळं. खाली कॅलिपरला तेल भरलेली सिरिंज. चाचा सिरिंज हळूहळू दाबत होते आणि भाच्याला त्यांनी काम दिलं, नळीला टिचक्या मारायच्या. प्रत्येक टिचकीला नरसाळ्यात बुडबुडा! मोठे, मग बारीक, मग मोहरीएवढे. “संपले,” भाचा म्हणाला. “थांब,” चाचा म्हणाले आणि लिव्हर चारदा दाबली. आणखी तीन बुडबुडे आले. आदल्या रात्री भाच्यानं आणि मी सिरिंजचा खेळ करून पाहिला होता, त्यामुळं त्या तिघांची किंमत त्याला बरोबर कळली.

तेल कुठलंही चालतं का? मुळीच नाही! काही कंपन्यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, काहींचे मोटारीसारख्या डॉट तेलावर. एकात दुसरं घातलं की आतली रबरी सील फुगतात किंवा खराब होतात, आणि ब्रेक जातो. डॉट तेल रंगही खातं. लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचायचं, तेच घालायचं.

शेवटी पॅड परत बसवले, चाक लावलं. चाचांनी भाच्याला लिव्हर दाबून धरायला सांगितली आणि तशातच कॅलिपरचे स्क्रू आवळले. दाबून का? म्हणजे दोन्ही पॅड डिस्कला धरतात आणि कॅलिपर आपोआप मधोमध येतो. चाक फिरवून कान लावला. घासल्याचा आवाज नाही. “फिरत्या डिस्कजवळ बोट न्यायचं नाही,” चाचा दोनदा म्हणाले, “आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायची नाही. पॅड एकमेकांना चिकटतात, मग उघडत बसा!” नवा ब्रेक लगेच पुरता धरतही नाही. गिऱ्हाइकाला त्यांनी मोकळ्या रस्त्यावर पंधरावीस वेळा वेग घेऊन, चाक न अडवता, हळूहळू कमी करायला सांगितलं. त्यात पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि मग पकड येते.

आता भाच्याच्या सायकलचं काय? चाचांनी तिचे रबर काढून दाखवले. दगडासारखे कडक! त्यांत धातूचे चकचकीत कण रुतलेले. केबल आवरणात गंजलेली, निम्मा जोर तिथंच अडत होता. रबर नवे, केबल आणि आवरण नवं, रिम स्पिरिटनं पुसली. रबर टायरला लागणार नाही आणि रिमच्या खालीही लोंबणार नाही असे नेमके बसवले. साठवलेल्या पैशांतला अगदी थोडा भाग गेला. उरलेले भाच्यानं परत डब्यात टाकलेत. कान असलेल्या फ्रेमची सायकल घ्यायचीय, घाई नाही म्हणतो.

चाचांनी त्याला आणखी एक सांगितलं, आणि ते मला सगळ्यात पटलं. ब्रेक कितीही भारी असो, रस्ता धरतो तो टायर, आणि रस्त्याला टेकलेली टायरची जागा असते अंगठ्याएवढी. डिस्क असो की रबर, ती जागा घसरली की खेळ खलास. शिवाय वेग दुप्पट झाला, तर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. तुम्ही पूर्ण ताकदीनं ब्रेक मारलात, तरी ताशी १५ किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर, ताशी ३० ला सात मीटर. आणि हे ब्रेक दाबल्यापासून! ट्रॉली हळू झालीय हे डोक्यात शिरायला एक सेकंद गेला, तर ताशी ३० ला आणखी आठ मीटर गेले. आणि थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. त्याला घाबरायचं नाही, पण एकदम आवळायचंही नाही, नाहीतर मागचं चाक उचलतं. दोन्ही दाबा, पुढचा हळूहळू वाढवत, आणि बूड सीटवर मागं सरकवून.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शाळेच्या मैदानात गेलो. खडूनं आडवी रेघ मारली. जुने रबर काढण्यापूर्वी ओल्या रिमवर भाच्यानं घेतलेली चाचणी त्याच्या वहीत होती: रेघेपासून १७ पावलं. आता पुन्हा रिमवर तांब्याभर पाणी ओतलं, तेवढीच पायडलं मारून तो रेघेवर आला आणि ब्रेक दाबले. मी मोजली. ११.

तुम्हीही मोजा. मैदान मोकळं हवं, डोक्याला हेल्मेट, सोबत कुणी मोठं माणूस. एकदा कोरड्या रिमवर, एकदा ओल्या. दोन्ही आकडे पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा, आणि हो, रबर किती जुने होते तेही लिहा!